काचेत फुललेली जास्वंद

रंगीत काचेच्या कामात डाखाची रेघ हीच फुलाची रेषा असते. म्हणून कागदावर फूल देखणं असून भागत नाही. त्याची प्रत्येक पाकळी काचेत कापता यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये टिफनीच्या कारखान्यात फुलांचे दिवे तांब्याची पट्टी लावून जोडले जात. ही कृती त्याच पद्धतीची.

साहित्य : ३ मिमी जाडीची लाल, गडद लाल, हिरवी व फिकट काच, काच कापायचा कटर, पक्कड, ग्राइंडर, चिकट तांब्याची पट्टी, फ्लक्स, ६०-४० कथील-शिशाचं सोल्डर, सोल्डरिंग आयर्न, तांब्याची तार, संरक्षक चष्मा.

कृती :

१. २० सेंमीच्या चौकटीत पाच पाकळ्या काढा. पाकळ्यांची टोकं मध्यात एकत्र आणू नका, बारीक टोक तुटतं. मध्ये गडद लाल पंचकोन ठेवा.

२. प्रत्येक पाकळीच्या बाहेरच्या टोकापासून चौकटीपर्यंत एक रेघ ओढा. अख्ख्या पाकळीभोवती वळणारा पार्श्वभूमीचा तुकडा काचेत कापता येत नाही. पान काढलंत तर त्याचे दोन भाग करा. मधला सांधा शीर होतो.

३. तुकड्यांना क्रमांक द्या, नक्षीच्या दोन प्रती काढा. एक कापा, दुसरीवर तुकडे मांडा. पट्टीसाठी तुकड्यांत सुमारे १ मिमी फट सोडा.

४. काचेतल्या रंगाच्या लहरी पाकळीच्या लांबीच्या दिशेनं ठेवा. फुलाला जीव इथेच येतो.

५. चष्मा घालून कटर एकदाच फिरवा. त्याच ओरखड्यावरून पुन्हा नाही. खोलगट वळण थोडं थोडं करत पक्कडीनं तोडा.

६. कडा ओल्या ग्राइंडरवर घासा, तुकडे धुऊन कोरडे करा. पट्टी कडेच्या मधोमध चिकटवून दोन्ही बाजूंना सारखी दुमडा, घट्ट दाबा.

७. तुकडे मांडून फ्लक्स लावा, आधी ठिपक्यांनी जोडा, मग दोन्ही बाजूंनी सांधे भरा. रेघ गोलसर उठली पाहिजे.

८. केसरनळीसाठी तारेवर सोल्डर चढवा आणि ती पंचकोनाच्या सांध्यावर जोडा. नुसत्या काचेला डाख धरत नाही. तारेच्या वरच्या भागात बाजूंना सोल्डरचे थेंब द्या, ते परागकोश.

९. अडकवायची कडी सांध्याच्या टोकाशीच डाखा. शेवटी साबणाच्या पाण्यानं फ्लक्स पूर्ण धुवा.

सावधान : सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडक्या उघड्या ठेवा, कामाच्या जागी खाऊ-पिऊ नका, हात धुवा. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना या कामापासून दूरच ठेवा.