वाऱ्याचा आडोसा

आषाढी एकादशी जवळ येऊ लागली, की जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास निघते. वाट लांबची, ती एका दिवसात सरणारी नव्हे. म्हणून वाटेवरचे मुक्काम ठरलेले असतात. आज या गावी, उद्या पुढच्या गावी, असे करीत वारकरी अखेर चंद्रभागेच्या तीरी पोहोचतात.

सायकलींच्या शर्यतीचाही एक प्रकार असाच मुक्कामामुक्कामाने चालतो. त्यास टप्प्यांची शर्यत म्हणतात. ही शर्यत कधी पाच दिवस, कधी आठ दिवस, तर कधी तीन आठवडे चालते. रोज सकाळी सर्व स्वार एका गावाहून निघतात आणि ठरलेल्या दुसऱ्या गावी पोहोचतात. प्रत्येकास किती वेळ लागला, याची नोंद होते. शेवटच्या दिवशी सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी ठरतो.

या बेरजेमुळे मोठी गंमत होते. समजा, एक स्वार सपाट रस्त्यावर दोन मिनिटे पुढे राहिला, परंतु दुसऱ्या दिवशी घाटात पाच मिनिटे मागे पडला. एक टप्पा जिंकूनही तो एकंदर शर्यतीत तीन मिनिटे मागेच राहील. उलट, एकही टप्पा न जिंकता केवळ रोज पुढच्या स्वारांबरोबर राहून संपूर्ण शर्यत जिंकणेही शक्य असते. येथे एका दिवसाच्या पराक्रमापेक्षा अनेक दिवसांच्या सातत्यास अधिक मोल आहे.

अशा शर्यतींत सर्वांत प्रसिद्ध आहे ती फ्रान्स देशातील 'टूर द फ्रान्स'. एका क्रीडाविषयक वृत्तपत्राचा खप वाढावा, या हेतूने ती १९०३ साली सुरू झाली. आंरी देग्रांज हे त्या पत्राचे संपादक होते. पहिल्या वर्षी २,४२८ किलोमीटरांची वाट अवघ्या सहा टप्प्यांत तोडावयाची होती. पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा, म्हणजे जळगावाहून मुंबई गाठून वर काही अंतर उरेल एवढा होता! स्वार रात्रीच्या अंधारातही सायकल हाकीत. साठ जण निघाले. शेवटपर्यंत पोहोचले ते एकवीस. मॉरिस गारॅं हा त्यांत पहिला आला. लहानपणी तो धुराडी साफ करण्याचे काम करीत असे. १९१९ सालापासून, बेरजेत जो पुढे असेल त्यास पिवळी जर्सी देण्याची प्रथा पडली. कारण ते वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. आज या शर्यतीत एकवीस टप्पे असतात आणि ती सुमारे तीन आठवडे चालते.

आता, मुलांनो, अशी एक शर्यत आपण आपल्या खानदेशाच्या नकाशावर मांडून पाहू. पहिला टप्पा धुळे ते जळगाव. पारोळा, एरंडोल अशी गावे मागे टाकीत हा रस्ता बहुतेक सपाटीवरून जातो. येथे वेगवान स्वारांची चलती. दुसरा टप्पा जळगावाहून पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या मार्गाने थेट कन्नडच्या घाटमाथ्यापर्यंत. शंभर किलोमीटर चालून आल्यावर समोर सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेची चढण उभी राहील. येथे अंगाने हलका, दमाचा पक्का असा स्वार पुढे सरकेल. तिसरा टप्पा चाळीसगावाहून धुळ्यावरून पश्चिमेस साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठाराकडे. तेथे ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. एवढ्या पवनचक्क्या तेथे का उभारल्या? कारण तेथे वारा जोराचा आहे. वीज निर्माण करणाऱ्यांस तो वारा हवा असतो. सायकलस्वारास मात्र तो मोठा शत्रू वाटतो.

वारा हा सायकलस्वाराचा खरा प्रतिस्पर्धी होय. हवा अगदी स्तब्ध असली, तरी वेगाने जाणाऱ्यास ती समोरून रेटतच असते. वेग दुप्पट केला, की हवेचा विरोध चौपट होतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती ही हवा कापण्यातच खर्च होते. परंतु पुढे दुसरा स्वार असेल, तर हवा तो कापतो आणि त्याच्या पाठीमागे थोडा आडोसा निर्माण होतो. त्या आडोशात हातभर अंतरावर चाक ठेवून जाणाऱ्यास कष्ट पुष्कळ कमी पडतात. आकाशात उडणारी बदके तिरपी रांग करून जातात, हे तुम्ही पाहिले असेल. बाजूने वारा सुटला, की सायकलस्वारही रस्त्यावर अशीच तिरपी रांग धरतात आणि आळीपाळीने पुढे येऊन वारा झेलतात.

म्हणूनच ही शर्यत एकट्याची राहिली नाही. ती संघांची झाली. आज टूर द फ्रान्समध्ये प्रत्येक संघात आठ स्वार असतात. त्यांतील एक नायक असतो. बाकीचे त्याचे साहाय्यक. सकाळपासून ते पुढे राहून नायकासाठी वारा अडवितात. मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात आणि पुन्हा जोर करून पुढच्यांना गाठतात. नायक पडला तर त्याच्यासाठी थांबतात. त्याची सायकल मोडली तर आपली देतात. डोंगरातील एका टप्प्यात स्वारास सामान्य माणसाच्या दुपटीहून अधिक अन्न लागते, आणि तेही सायकल चालवीत असतानाच खावे लागते. एका हाताने सोलता येणारे, पोटास जड न होणारे केळे यासाठी फार उपयोगी. आपल्या रावेर-यावलच्या मळ्यांत पिकणारे हे फळ जगभरच्या सायकलस्वारांच्या खिशात असते.

अशा साहाय्यकास फ्रेंच भाषेत 'दोमेस्तीक' म्हणतात. त्याचा अर्थ घरगडी. हा शब्द मुळात हिणविण्यासाठी वापरला गेला होता. १९११ साली एका स्वाराने दुसऱ्यास मदत केली, तेव्हा देग्रांज यांनी रागावून त्यास असे म्हटले. ज्याने त्याने आपल्याच बळावर धावावे, अशी त्यांची समजूत होती. पुढे मात्र याच शब्दाचा अर्थ पालटला. त्यामागील भाव समजून घेण्यासाठी १९३४ सालची एक हकीकत पाहण्यासारखी आहे.

त्या वर्षी फ्रान्सच्या संघाचा नायक आंतोनॅं मान्ये हा होता. १९३१ साली त्याने ही शर्यत एकदा जिंकली होती आणि या खेपेसही पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती. ज्युसेप्पे मार्तानो हा इटलीचा स्वार त्याचा पाठलाग करीत होता. फ्रान्सच्या संघात रेने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा तरुण होता. पूर्वी तो कान या शहरातील एका हॉटेलात लिफ्ट चालविण्याचे काम करीत असे. त्या वर्षी त्याने तीन टप्पे जिंकून सर्वांस चकित केले होते. चढणीवर त्याला गाठणे कोणासही जमत नसे.

शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली. एका घाटाच्या उतारावर मान्ये पडला आणि त्याच्या सायकलीचे पुढचे चाक मोडले. सुटे भाग घेऊन येणारी गाडी फार मागे होती. एकेक क्षण मोलाचा होता. व्हिएतोने आपल्या सायकलीचे पुढचे चाक काढून नायकास दिले. मान्ये निघून गेला. व्हिएतो रस्त्याकडेच्या एका बुटक्या भिंतीवर गाडीची वाट पाहत बसला. एकामागून एक स्वार त्याच्या समोरून पुढे जात होते. शेजारी एका चाकाची सायकल, आणि हा वीस वर्षांचा मुलगा रडत बसलेला, असे त्या वेळचे छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच घडले. या खेपेस व्हिएतो मान्येच्या पुढे होता. घाट चढून तो उतारास लागला होता. मागे नायकाची सायकल बिघडली आहे, हे त्यास कळले. पुढे उतार होता, मागे चढण. शर्यतीत सारे एका दिशेने धावत असता हा मुलगा वळला आणि उलट दिशेने घाट चढू लागला. मान्येजवळ जाऊन त्याने आपली सायकल त्याच्या हाती दिली.

मान्ये ती शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला. घाटांतील सर्वोत्तम स्वार, म्हणजे 'डोंगरांचा राजा', हा मान मात्र त्याला मिळाला. पुढे १९३९ साली तो दुसरा आला. १९४७ साली पिवळी जर्सी पुष्कळ दिवस त्याच्या अंगावर होती, परंतु अखेरच्या दिवसांत ती गेली. टूर द फ्रान्स त्यास कधीही जिंकता आली नाही.

तेव्हा १९३४ साली त्याने केले ते योग्य होते काय? त्याने आपलीच संधी घालविली, असे काही म्हणतील. नायकाचे रक्षण करणे हे त्याचे कर्तव्यच होते, असेही काही म्हणतील. एक गोष्ट मात्र निश्चित. भिंतीवर बसून तो रडला. म्हणजे आपण काय देत आहोत, याची त्यास पुरेपूर जाणीव होती. आणि तशी जाणीव असूनही दुसऱ्या दिवशी तो मागे वळला. न कळत दिलेल्या देणगीपेक्षा कळून-सवरून दिलेली देणगी मोठी, नाही का?

आपल्या महाराष्ट्रातही सायकल शर्यतींची जुनी परंपरा आहे. १९४५ साली सुरू झालेली मुंबई-पुणे सायकल शर्यत त्यांत विशेष नावाजलेली. ती एकाच दिवसाची असली, तरी वाटेत बोरघाटाची खडी चढण आहे. घाटमाथा जो प्रथम गाठतो, त्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविले जाते. घाटाचा राजा हाच पुण्यास पहिला पोहोचेल, असे मात्र नाही!

धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावरच नाशिक शहर आहे. तेथील हितेंद्र व महेंद्र महाजन या दोघा डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड सायकलीने ओलांडण्याची शर्यत पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत तोडले. या शर्यतीत टप्पे नसतात. घड्याळ रात्रंदिवस चालूच राहते. म्हणून एक भाऊ थकला की दुसऱ्याने सायकलीवर बसावयाचे, अशी त्यांची वाटणी होती. त्यांच्याबरोबर मोटारीतून जाणारे, जेवणखाण पाहणारे, रस्ता दाखविणारे सोबतीही होते.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. पाच दिवसांच्या या शर्यतीत आरंभीची एक लहान फेरी आणि त्यानंतर चार टप्पे होते. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती या भागांतील लोकांनी देशोदेशींचे सायकलस्वार आपल्या गावांवरून जाताना पाहिले. जी शर्यत आपण केवळ नकाशावर मांडली, तशी एखादी पुढे तापीच्या खोऱ्यातूनही जाईल. त्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजविणाऱ्यांत तुम्हीही असाल. कदाचित सायकलीवरही असाल.

त्या दिवशी सर्वांत पुढे येणाऱ्याचे कौतुक अवश्य करा. परंतु त्याच्या मागून, दहा-वीस मिनिटांनी, धुळीने माखलेला आणि रिकाम्या बाटल्या खिशात कोंबलेला एखादा स्वार येईल. निकालाच्या यादीत त्याचे नाव फार खाली असेल. सकाळपासून वारा त्याने झेललेला असेल. त्याच्यासाठीही टाळ्या वाजवा.

अभ्यास

१. टप्प्यांच्या शर्यतीत विजयी कोण, हे कसे ठरवितात? एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकणे कसे शक्य होते, ते स्वतःचे आकडे घेऊन दाखवा.

२. पुढच्या स्वाराच्या मागे राहणाऱ्यास कष्ट कमी का पडतात?

३. 'दोमेस्तीक' या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो प्रथम कोणत्या भावनेने वापरला गेला?

४. व्हिएतोच्या जागी तुम्ही असता, तर दुसऱ्या दिवशी काय केले असते? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.

५. जळगाव व धुळे जिल्ह्यांचा नकाशा काढा. त्यावर तीन टप्प्यांची सायकल शर्यत आखा आणि कोणत्या टप्प्यात चढण, कोणत्या टप्प्यात वारा स्वारांची परीक्षा पाहील, ते लिहा.