खिडकीतली मेथी : मुलाची पहिली कुंडी

एका खोलीच्या घरात बाग कुठे करायची, हा प्रश्न रास्त आहे. पण खिडकीच्या गजापाशी एक डबा ठेवण्यापुरती जागा निघते, आणि सुरुवातीला एकच डबा हवा. उत्साहाने पाच कुंड्या आणल्या की महिन्याभरात पाचही सुकतात.

पहिले पीक मेथीचे घ्या. टोमॅटो-मिरचीला दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागते. चाळीत ते कुठून मिळणार? मेथीला चांगला उजेड आणि सकाळचे थोडे ऊन पुरते. शिवाय चार-पाच वर्षांच्या मुलाचा धीर दोन-तीन दिवसांचा, आणि मेथी तेवढ्यात उगवते. बाजारात इवल्या जुड्या मिळतात ती समुद्रमेथी; समुद्रकाठच्या वाळूत पेरून कोवळीच उपटलेली. तसलीच आपल्याला घरी करायची आहे.

डब्यातली मूठभर मेथी रात्री भिजत घाला. आइस्क्रीमचा किंवा तेलाचा रिकामा डबा कापून त्याच्या बुडाला पाच-सहा भोके पाडा. हे काम मोठ्यांचे. तळाशी नारळाची शेंडी, वर चार बोटे माती आणि थोडे शेणखत. दाणे पसरणे, वर मातीचा पातळ थर देणे, झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने पाणी शिंपडणे, हे सगळे मुलाला करू द्या. दाणे एका कोपऱ्यात पडले तरी चालतील. पाणी कमी येते त्या दिवशी तांदूळ धुतलेले पाणी वापरा. चहाचा चोथा टाकायचा असेल तर साखर धुऊन टाका, नाहीतर मुंग्या लागतात.

डबा आणि माती कुठली, याकडे मात्र डोंबिवलीकरांनी नीट लक्ष द्यावे. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. आपल्याला हे नवीन नाही. कारखान्यातून भंगारात आलेले रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी खाण्याच्या भाजीला वापरू नका. रंगाचे डबे नकोत, जुन्या बॅटरीची पेटी तर नकोच. तिच्यातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. नाल्याकाठची मातीही आणू नका. रोपवाटिकेतून एक पिशवी आणलेली बरी.

डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. मातीत हात घातल्यावर साबणाने हात धुणे आणि नखे कापलेली असणे हेही यातच आले, कारण जंताची अंडी मातीतून पोटात जातात.

पंधरा-वीस दिवसांत मेथी हातभर नव्हे, बोटभर होते. धुऊन वरणात घाला, वर लिंबू पिळा; लिंबामुळे पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते वाया जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे ६९ बालकांत रक्तक्षय आढळला. एका डब्याची मेथी तो भरून काढणार नाही. अंगणवाडीतले लोहाचे औषध, शाळेत आठवड्याला मिळणारी गोळी आणि जंताची गोळी चुकवू नका. डब्याचा उपयोग वेगळाच : ताटातली पालेभाजी बाजूला सारणारे मूल स्वतः पेरलेली मेथी बहुधा चाखून तरी पाहते.

दुसऱ्या खेपेला दोन डबे करा, एक खिडकीत आणि एक खाटेखाली. खाटेखालची रोपे पिवळी, लांबुडकी का झाली, ते मुलाला विचारा. उत्तर लगेच सांगू नका.

मुले कधी भिंतीच्या भेगेतले पिंपळाचे रोप आणून लावू म्हणतात. ते डब्यात नको. विहाराच्या आवारात मोकळी जागा असेल तर तिथे द्या. घरात मेथीनंतर कोथिंबीर घ्या. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, हे मुलाला पेरतानाच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी ते माती उकरून बघेल.