मागच्या दाराजवळची सीट

आम्ही मूळचे खानदेशातले, आता सुरतजवळच्या सचिनचे. स्कूलबसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम मी करते. मुलं मला ‘मासी’ म्हणतात. आपत्कालीन दाराशेजारची सीट माझी. तिथे बसून जे उमगलं, ते असं:

१. मागच्या आपत्कालीन दाराचा बझर मुलांना दटावायला नसतो. मला आधी तसंच वाटायचं आणि तो वाजला की मी मागच्या रांगेकडे डोळे वटारायची. खरं तर तो मोठ्यांना सांगत असतो, दार नीट लागलेलं नाही, बघा. अमेरिकेच्या नियमानुसार तो ड्रायव्हरच्या सीटपाशी आणि दाराजवळ, दोन्हीकडे ऐकू यावा लागतो.

२. कटकट करणाऱ्याचं तोंड बंद करावंसं वाटतंच. खड्ड्यागणिक बझर कोकलला की वायर उपटायचा मोह मलाही होतो. पण सारखं वाजणं म्हणजे कडी नाहीतर स्विच सैल झालाय. ते काम गॅरेजवाल्याचं, पक्कडीचं नव्हे.

३. दोन भीती एकाच दाराशी भांडतात. चालत्या बसमध्ये दार उघडलं तर, ही आयांची भीती. वेळेला उघडलंच नाही तर, ही माझी. पहिल्या भीतीवर कुलूप हा सोपा उपाय वाटतो. पण 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर बस नेमकी दाराच्या बाजूला उलटली, पेटली आणि 25 माणसं गेली. अमेरिकेत आपत्कालीन दाराला कुलूप असेल तर स्कूलबसचं इंजिनच सुरू होता कामा नये, असा नियम आहे. बझर हवा तो यासाठीच: दार राखायचं, पण अडवायचं नाही.

४. माझी नोकरी कुणाच्या तरी दुःखातून आली आहे. 18 नोव्हेंबर 1997 ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून स्कूलबस यमुनेत पडली, 28 मुलं गेली. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले: अग्निशामक हवा, प्रथमोपचार पेटी हवी, बसमध्ये मदतनीस हवा. हे कळल्यापासून पगार कमी म्हणून कुरकुरताना जीभ जरा अडखळते.

५. पाय सवयीच्या वाटेनंच धावतात. बस झटपट रिकामी करायच्या सरावाच्या वेळी मागचं दार उघडं असूनही मुलं पुढच्या दाराकडे पळाली, रोज तिथूनच चढतात ना! मागून उतरायला जमीन चांगलीच खाली. सगळ्यात हळू उतरले ती मी. एक चिमुरडी म्हणाली, “मासी, पहिले बसा, मग सरका.” शिकवायला गेले होते, शिकून आले.

६. बझर रस्ता मोकळा करत नाही. दाराशी दप्तरांचा ढीग असला तरी तो गप्पच राहतो. त्याला फक्त कडी कळते. 24 मे 2019 ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि 22 जीव गेले. बाहेर पडायची वाट नसणं म्हणजे काय, हे सुरतेला नव्याने सांगायला नको.

तुमचं मूल बसनं जात असेल, तर एकदा ड्रायव्हरभाईंना मागचं दार उघडून दाखवायला सांगा. त्यांना राग आला तरी चालेल. बझर वाजतो का ते ऐका, आणि दाराशी दप्तरं दिसली तर तिथल्या तिथे उचलायला लावा.