दाखल्यावर भलत्याच शाळेचं नाव

‘आधी चौकशी करायची ना!’ हे मला नणंदेपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. केली होती चौकशी. नालासोपारा पूर्वेच्या आमच्या गल्लीतली निम्मी मुलं त्याच शाळेत जात होती. पाटीवर ‘सीबीएसई पॅटर्न’, गणवेशाला टाय, गॅदरिंगला भाड्याचा हॉल. आम्ही दोघंही विरार लोकलने कामाला जाणारे. सासूबाईंना नातवाला पायी ने-आण करता येईल अशी तीच एक शाळा होती. यात माझं काय चुकलं, हे अजून कोणी मला पटवून दिलेलं नाही.

मूल दीड-दोन वर्षांचं असताना काळज्या वेगळ्याच असतात. जेवत नाही, बोलत नाही, मोबाइल दिल्याशिवाय घास गिळत नाही. माझ्या त्या काळातल्या रात्री याच विचारात गेल्या. ते सगळं वयानुसार निस्तरलं. उशिरा बोलायला लागलेला मुलगा आता गप्प बसत नाही. त्या वयात त्याच्याशी भरपूर बोला, गोष्टी सांगा, तुलना करू नका, हे कोणीही सांगेल, म्हणून मी त्यात शिरत नाही. कागदांबद्दल मात्र कोणीच सांगत नाही.

खरी मेख नर्सरीत आहे. नर्सरी-केजीच्या वर्गांना बरीच वर्षं पहिलीसारखी मान्यता लागत नव्हती. तळमजल्याचे दोन गाळे जोडले, भिंतीवर छोटा भीम रंगवला की वर्ग सुरू. मूल तिथे रुळतं, बाईंचा लळा लागतो आणि मग एका वर्षी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ‘पहिली’ उघडते. आपण फी भरतो. इथे नव्याने काहीतरी विचारायचं असतं, हे आपल्या डोक्यात येतच नाही, आणि शाळावालेही हेच धरून चालतात.

मुलगा चौथी झाला तेव्हा वसईच्या एका जुन्या शाळेत पाचवीला घालायचं ठरलं. तिथल्या क्लार्कने शाळा सोडल्याचा दाखला हातात घेतला, वर-खाली पाहिला आणि विचारलं, ‘ताई, हा रोज एवढ्या लांब जायचा?’ मला कळेना. त्याने बोट ठेवलं. शाळेचं नाव वेगळं, गाव वेगळं, तालुकाही वेगळा. माझ्या मुलाने जिथे पाऊल टाकलं नाही, तिथे तो पहिलीपासून हजर होता. वर जन्मस्थळ चुकीचं. युडायस, म्हणजे शाळेचा सरकारी क्रमांक, त्याच परक्या शाळेचा. आमच्या गल्लीतल्या शाळेला असा क्रमांकच नव्हता.

तशीच उलट पावली गल्लीतल्या शाळेत गेले. ट्रस्टी सरांनी चहा मागवला. ‘ताई, ती आपलीच मुख्य शाळा.’ मान्यता कुठे आहे? ‘प्रस्ताव मंत्रालयात आहे.’ प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून दाखवला. ते इरादापत्र होतं. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे, हे मला नंतर कळलं. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. माझा आवाज चढल्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही शिकलेल्या दिसता. मग प्रवेशाच्या वेळी का नाही विचारलंत?’ चहा मी घेतला नाही. दर वाढदिवसाला मुलाचा गालगुच्चा घेणाऱ्या प्रिन्सिपल मॅडम तेवढा वेळ कॉम्प्युटरच्या बंद स्क्रीनकडे बघत होत्या. निघताना उरलेल्या फीची आठवण करून द्यायला मात्र त्या विसरल्या नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्याच बायका माझ्यावर उखडल्या: ‘तुझ्यामुळे शाळा बंद पडली तर आमच्या पोरांनी कुठे जायचं?’ हे जास्त लागलं.

तर नीट ऐका. पहिलीला घालण्याआधी शाळेला मान्यतेचा आदेश मागा आणि त्यावर तीन गोष्टी बघा: पत्ता हाच आहे का, माध्यम हेच आहे का, आणि इयत्ता कितवीपर्यंत. चौथीपर्यंतच्या परवानगीवर आठवीपर्यंत वर्ग चालवणारेही असतात. युडायस क्रमांक अकरा आकडी असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. तो फीच्या पावतीवर नसेल तर का नाही, ते विचारा. ‘पॅटर्न’ म्हणजे संलग्नता नव्हे. बोर्डाच्या संकेतस्थळावर शाळा सापडली तरच ती बोर्डाची. अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर होतात, पण बऱ्याचदा शाळा उघडण्याच्या तोंडावर, आणि प्रवेश तर थंडीतच झालेले असतात. म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आधीच लेखी विचारून ठेवा.

जे आधीच अडकलेत त्यांनी घाबरून फी भरत राहू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे, पुढेही चालवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. तो दंड वसूल झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण त्याच कायद्यातली दुसरी बाजू आमच्या कामी आली. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसता येतं, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा दाखला पुढे करा आणि हे तोंडावर सांगा. मुलगा आता एका अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीतून सहावीत आहे. मराठी वाचायला त्याला त्रास झाला, कारण आधीच्या शाळेत मराठीचा तास नावालाच होता. तो त्रास मी माफ करणार नाही.

धाकट्या मुलीच्या वेळी मान्यतेचा आदेश बघितल्याशिवाय एक रुपया दिला नाही. तिच्या शाळेत आता माझी ओळख ‘ती भांडखोर आई’ अशी आहे. असू दे.

राहिलं ते जन्मस्थळ. जातीच्या दाखल्यापासून पुढच्या बऱ्याच कागदांना प्राथमिक शाळेतली नोंद मागतात, आणि मूल शाळेतून बाहेर पडलं की ती दुरुस्त करून घेणं महाकठीण. म्हणून दरवर्षी, मूल त्या शाळेत असतानाच, जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या, स्पेलिंगसकट. आमचा दुरुस्तीचा अर्ज दाखल्यावर नाव असलेल्या त्या परक्या शाळेकडे पडून आहे, फोन कोणी उचलत नाही. अर्जाची दुसरी प्रत मी जपून ठेवली आहे, कारण त्यावर पोच आहे. पोच घेताना नुसती सही घेऊ नका, तारखेचा शिक्का मारून घ्या.