किरणोपचारानंतरच्या जखमा आणि दाबाखालील प्राणवायू

मुखकर्करोगावर किरणोपचार घेऊन बरा झालेला रुग्ण काही वर्षांनी दुखरी दाढ काढून घेतो. जखम मात्र भरत नाही. हिरडीतून जबड्याचे हाड उघडे पडते. तंबाखूच्या व्यसनापायी मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात या विकाराची माहिती असणे अगत्याचे आहे.

किरणांमुळे कर्करोगाच्या पेशींबरोबरच आसपासच्या निरोगी भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचीही हानी होते. पुढे त्या अरुंद होतात, प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि साधी जखमही चिघळते.

उपचाराचे स्वरूप

ही उणीव भरून काढण्यासाठी रुग्णास बंद कक्षात ठेवून तेथील दाब वातावरणाच्या दुप्पट ते अडीचपट करण्यात येतो व त्यास शुद्ध प्राणवायू दिला जातो. एरवी प्राणवायू मुख्यत्वे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहून नेते. दाबाखाली तो रक्तद्रवातही पुष्कळ विरघळतो. सुमारे दीड तासाच्या ३० ते ४० बैठकांनी नव्या केशवाहिन्या फुटण्यास चालना मिळते. कानास इजा होणे, क्वचित झटके येणे हे यातील धोके होत. आगीच्या भीतीने काडेपेटीसारख्या वस्तू कक्षात वर्ज्य असतात.

संशोधनाचे निष्कर्ष

डॉ. रॉबर्ट मार्क्स व सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किरणोपचारानंतर दात काढावयाच्या ७४ रुग्णांचे दोन गट होते. पेनिसिलिन दिलेल्या ३७ पैकी ११ जणांच्या जबड्याचे हाड निर्जीव झाले. प्राणवायू दिलेल्या ३७ पैकी केवळ दोघांचे. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत हे प्रमाण दोन्ही गटांत सहा टक्क्यांच्या आसपास राहिले. या चाचणीत प्रतिजैविके व जंतुनाशक गुळण्या दोन्ही गटांस दिल्या होत्या. उलट, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील चाचणीत मूत्राशयाच्या किरणजन्य दाहाच्या रुग्णांना या उपचाराने चांगला आराम पडला.

तात्पर्य, हा उपचार काही रुग्णांना उपकारक असला, तरी सरसकट गुणकारी नाही. त्याचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

दक्षता मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. तोंडावर किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी व काढावयाचे दात तेव्हाच काढावेत. नंतर कितीही वर्षे लोटली, तरी दात काढण्यापूर्वी किरणोपचाराची माहिती दंतवैद्यास आवर्जून द्यावी आणि उपचाराचे कागद जपून ठेवावेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी गोष्ट गावातील अशा प्रत्येक कुटुंबाच्या कानी घातली, तरी कित्येकांचे जबडे वाचतील.