एचआयव्हीचा अहवाल आणि जेलवरच्या पट्ट्या

रक्ताच्या अहवालावर ‘एचआयव्ही रिअॅक्टिव्ह’ हे शब्द दिसले की भल्याभल्यांचे अवसान गळते. शस्त्रक्रियेपूर्वी, गरोदरपणात किंवा रक्तदानाच्या वेळी ही तपासणी होते. घरात कोणाला सांगण्याची सोय नसते. काहीजण अहवाल फाडून टाकतात, काही गाव सोडतात, तर काही जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत जातात. म्हणून आधीच सांगतो : एकाच तपासणीत ‘रिअॅक्टिव्ह’ आले म्हणजे लागण झालीच, असे नव्हे.

असे का, ते साध्या हिशेबाने पाहू. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोघे. समजा, एखादी तपासणी हजार निरोगी माणसांपैकी फक्त पाच जणांना चुकून ‘रिअॅक्टिव्ह’ ठरवते. तपासणी चांगलीच म्हणायची. तरीही हजार जणांत सात अहवाल ‘रिअॅक्टिव्ह’ येतील आणि त्यांतले पाच खोटे असतील! खरे दोन आणि खोटे पाच वेगळे करण्यासाठीच पुढच्या तपासण्या असतात.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये मद्रासमध्ये आढळली. त्यानंतर १९९२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. ती कोठे, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक नसते. राजगुरुनगरहून पुण्याकडे निघालात की चाकण, मोशी ओलांडल्यावर भोसरी लागते. तिथल्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेजारी ही संस्था आहे. (आता तिचे नाव बदलले असून इतर विषाणूंचे संशोधनही तिच्या कक्षेत आले आहे.) एलायझा नावाच्या पहिल्या तपासणीत शंका आली की त्या काळात पक्का निर्णय ‘वेस्टर्न ब्लॉट’ या तपासणीने होत असे. या तपासणीचा पाया म्हणजे पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल.

नाव अवघड आहे, वस्तू तशी नाही. अॅक्रिलामाइड नावाचे रसायन पाण्यात विरघळवतात, त्यात साखळ्यांना आडवे टाके घालणारे दुसरे रसायन मिसळतात आणि ते द्रावण दोन काचांच्या फटीत ओततात. थोड्या वेळात ते खरवसासारखे थलथलीत घट्ट होते, मात्र काचेसारखे पारदर्शक. (गोठण्यापूर्वीचे अॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असते, म्हणून तंत्रज्ञ हातमोजे घालूनच काम करतात.) या जेलमध्ये डोळ्यांना न दिसणारी बारीक जाळी असते.

आता विषाणूंची प्रथिने घेतात. होय, विषाणूंची, रुग्णाचे रक्त अजून आलेलेच नाही. शाम्पू-टूथपेस्टमध्ये फेसासाठी वापरतात त्याच जातीच्या साबणासारख्या द्रव्यात ती उकळतात. त्याने प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि सर्वांवर ऋण विद्युतभार चढतो. जेलमध्ये वीज सोडली की सगळी धन टोकाकडे धावू लागतात. चाकणच्या तळेगाव चौकात वाहनांची कोंडी झाली की काय होते, ते आठवा. दुचाकीवाला फटीफटीतून निघून जातो, कंटेनर मात्र जागीच. तसेच इथे होते. लहान प्रथिने भराभर खाली सरकतात, मोठी वर रेंगाळतात. तासा-दोन तासांत आकारानुसार एकेक पट्टी वेगळी होते. लेमली या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ही रीत सुधारून मांडली. तीच थोड्याफार फरकाने आजही जगभर चालते.

मग जेलवरच्या पट्ट्या जशाच्या तशा एका खास कागदावर उतरवून घेतात. या कागदाची चिंधीएवढी पट्टी रुग्णाच्या रक्तद्रवात भिजवतात. शरीरात विषाणू शिरलेला असेल, तर त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे नेमक्या त्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, आणि रंग देणारे द्रव्य टाकल्यावर तेथे रेघ उमटते. एलायझा फक्त ‘काहीतरी चिकटले’ एवढेच सांगते. इथे कोणत्या प्रथिनाला चिकटले तेही दिसते. विषाणूच्या गाभ्याची ‘पी २४’ ही रेघ, बाहेरच्या आवरणाच्या ‘जीपी ४१’, ‘जीपी १२०’ आणि ‘जीपी १६०’ या रेघा. आकडे त्या प्रथिनांच्या वजनाचे. एकही रेघ नाही तर निगेटिव्ह. आवरणाच्या रेघांसह ठरलेल्या रेघा उमटल्या तर पॉझिटिव्ह. एखादीच रेघ आली तर अनिश्चित. ही अनिश्चितताच या तपासणीची मोठी अडचण ठरली. शिवाय ती महाग, वेळखाऊ आणि लागण अगदी ताजी असताना उशिरा बोलणारी. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये देशांना तिच्याऐवजी इतर तपासण्या वापरण्याचा सल्ला दिला.

आज सरकारी रुग्णालयाच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात ही तपासणी मोफत होते. पहिली चाचणी ‘रिअॅक्टिव्ह’ आली तर वेगळ्या बनावटीच्या आणखी दोन चाचण्या करतात. तिन्ही जुळल्या तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. निकाल उलटसुलट आला तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. खासगी ठिकाणच्या एका चाचणीचा कागद हाती असेल, तर तो घेऊन सरळ या केंद्रात जा. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल, तर आजचा ‘निगेटिव्ह’ही अंतिम धरू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरीसाठी तिची अट घालता येत नाही. २०१७ च्या कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे. औद्योगिक पट्ट्यातल्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे. लागण निश्चित झाली तरी सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात. ती रोज न चुकता घेणारा माणूस कामधंदा, संसार करत दीर्घकाळ जगतो.

बाळाच्या बाबतीत मात्र वेगळा नियम आहे. लागण असलेल्या आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे प्रतिपिंडांची कोणतीही तपासणी या वयात फसवी ठरते. अशा बाळाची सहाव्या आठवड्यात विषाणूच्याच जनुकांची तपासणी करून घ्यावी लागते. त्याची सोयही याच केंद्रामार्फत होते. अधिक माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.