तीन बोटे

आपल्या झाडीपट्टीत पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा गडवा आणि लगोलग खर्रा पुढे येतो. रोवणीत मजुरांना, नाटकाच्या रात्री शेजारी बसलेल्याला, एवढेच काय पण भांडण मिटल्यावर भांडणाऱ्यालादेखील खर्राच द्यावयाचा. मी तिसरीत असताना बाबांसाठी पानठेल्यावर जात असे; उरलेले सुटे पैसे माझे. अकरावीत मी स्वतःच खाऊ लागलो. हे लिहावयास लाज वाटते, परंतु ते वगळून या विषयावर लिहिणे खोटेपणाचे होईल.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दातांचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी भाषण थोडके केले. म्हणाले, "तर्जनी, मध्यमा आणि अनामिका जोडून उभी तोंडात घाला." निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे बसावयास हवीत. आम्ही हसत हसत बोटे घातली. एका मित्राची दोनच गेली आणि मंडपातील हसणे थांबले. माझी तीन गेली, पण तिसऱ्याला गालाच्या आत ताण पडला.

खर्रा म्हणजे फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, घोटून पन्नीत बांधलेला. आपण सारा दोष तंबाखूला देतो व सुपारीला देवाच्या पूजेतली म्हणून सोडून देतो. मात्र तोंड आखडण्याच्या या रोगाचे मुख्य कारण सुपारीच आहे. तिच्यातील अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या मऊ आवरणाखाली चिवट तंतू साठत जातात. आधी तिखट सोसत नाही, मग गाल आतून पांढरट व ताठ होतात, पुढे जबडा उघडेनासा होतो. साठलेले तंतू पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. सुपारी सोडली तर रोग पुढे जाण्याचा धोका कमी होतो आणि व्यायाम व उपचारांनी तोंड काहीसे उघडते, एवढेच. अशा तोंडात कर्करोगाची भीती अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली. चुन्याचे काम निराळे. तो आवरण सोलतो व तंबाखूतील निकोटिन रक्तात लवकर उतरवितो. म्हणूनच चुन्याशिवाय 'मजा' येत नाही.

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले, पैकी धूर काढणारे एकूण प्रौढांच्या फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा तंबाखू मुख्यतः तोंडातच राहतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठराच्या आतल्या मुलाला देऊ नये, हा कायदा तर २००३ चा. तिसरीतल्या मला हा कायदा कुणी सांगितला नव्हता, आणि ठेलेवाल्यालाही बहुधा नसावा.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. त्याच जिल्ह्यात २०१६ पासून शासनाच्या सहभागाने दारू व तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' चालू झाले. त्यात मला पटलेली गोष्ट ही की, ते नुसते व्यसनी माणसाला उपदेश करीत नाही, सबंध गावाला बसवून ठराव करावयास लावते. खर्रा हा एकट्याचा शौक नसून पाहुणचार आहे. तो एकट्याने सोडला तर माणूस घमेंडखोर ठरतो. मला स्वतःला "कॉलेजात गेला म्हणून शहाणा झाला" हे ऐकावे लागले.

आमच्या आजीचे बहुतेक दात शेवटपर्यंत शाबूत होते. ती बाभळीची नाही तर कडुलिंबाची काडी चावीत असे. आता काडी गेली, ब्रश सर्वांच्या घरी पोहोचला नाही, आणि मधल्या जागेत गुडाखू शिरला. दात दुखला की तंबाखू दाबावयाचा, आणि वरची दाढ काढली तर डोळे जातात म्हणून डॉक्टरकडे जावयाचे नाही! दाढेचा व दृष्टीचा असा काही संबंध नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांची अडचण तर आणखी वेगळी: तेथील भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी लहानपणी पोटात गेले, तर पक्के दात डागाळून उगवतात. तेथील मुलाला "दात घासत नाहीस" म्हणून रागावणे अन्यायाचे आहे.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा फुकट दूरध्वनी आहे. मी लावला. पहिला आठवडा डोके दुखले, चिडचिड झाली, खिशात बडीशेप ठेवली. तीन महिने झाले.

शिबिराहून परतल्यावर बाबांना बोटे घालावयास सांगितले. ते म्हणाले, "मले काई नाई झालं. दाढ दुखते म्हणून खातो." मी आग्रह धरला. दोन बोटे जेमतेम गेली. माय चुलीपाशी होती. ती हळूच म्हणाली, "दोन सालापासून मिरची वेगळी काढून भाजी करतो यायच्यासाठी." मला हे माहीत नव्हते.

बाबांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात न्यावयाचे आहे. धान विकल्यावर जाऊ, असे ते म्हणतात. मी म्हणालो, एस. टी.चे भाडे शिष्यवृत्तीतून भरतो. सोमवारी निघावयाचे ठरले आहे.